पावतीवर खड्याचं नाव लिहून घ्या

हॉलमार्कचा शिक्का फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. त्या सोन्यात बसवलेला खडा कोणता, खाणीतला की प्रयोगशाळेत वाढवलेला, तापवलेला की काच भरलेला, याबद्दल तो शिक्का एक अक्षरही सांगत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्या थोरल्या जाऊबाईंना ते फार महागात पडलं, म्हणून लिहिते आहे.

त्यांच्या तिन्ही मुलींचे वाढदिवस पाऊस ओसरल्यानंतरचे. थोरली सप्टेंबरची, मधली ऑक्टोबरची, धाकटी नोव्हेंबरची. थोरली न्यू जर्सीला असते. लेकरांच्या जन्ममहिन्यांचे खडे आईच्या गळ्यात घालायची तिकडे पद्धत आहे. दिवाळीला आईला तसं पेंडंट द्यावं असं तिच्या मनात आलं. पैसे तिने पाठवले आणि जाऊबाईंनी पुण्यातल्या एका पेढीवर खडे पसंत केले : नीलम, ओपल, पुष्कराज. ते पेंडंट त्यांनी इतक्या हौसेने वापरलं की गळ्यातून कधी उतरवलंच नाही. पुढे त्याची वरची कडी तुटली. पेढीने खडे न काढता कडी झाळली, पेंडंट अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुतलं आणि चकचकीत करून परत दिलं. घरी येऊन बघितलं तर ओपलवर बारीक भेगांची जाळी उमटलेली आणि पिवळ्या खड्यात आरपार चीर. नीलम मात्र होता तसाच.

मी ते घेऊन एका रत्नपरीक्षकाकडे गेले. त्यांनी पिवळा खडा उपकरणाखाली धरला आणि म्हणाले, “हा पुष्कराज नाही. सुनेला आहे.”

सुनेला म्हणजे सिट्रीन, स्फटिकाच्या जातीचा पिवळा खडा. बाजारातले बरेचसे सिट्रीन हे जांभळा ॲमेथिस्ट भट्टीत तापवून केलेले असतात. आम्ही जाब विचारायला पेढीवर गेलो, तेव्हा त्यांनी पावतीकडे बोट दाखवलं. पावतीवर ‘रंगीत खडे, ३ नग’ एवढंच लिहिलेलं होतं. ‘पुष्कराज’ हा शब्द फक्त तोंडी उच्चारला गेला होता.

पिवळ्या खड्यांचा हा गोंधळ नीट समजून घ्यावा, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. आपल्या नवरत्नांतला पुष्कराज, गुरूचा खडा, म्हणजे पिवळा नीलम, कुरुंदाच्या कुळातला. पाश्चात्त्य यादीतला नोव्हेंबरचा खडा म्हणजे टोपाझ, आणि शब्दकोशांत त्यालाही पुष्कराजच म्हटलेलं सापडतं. तिसरा सुनेला. तिघेही पिवळे, तिघेही देखणे, पण किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर. हा घोळ आजचा नाही. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याने सतराव्या शतकात मुघल बादशहाच्या एका मोठ्या टोपाझची नोंद केली आहे. तो खडा बादशहासाठी गोव्यात विकत घेतला होता, दीड लाखाहून जास्त रुपये मोजून. त्या काळी पिवळ्या खड्यांना सरसकट टोपाझ म्हणत, म्हणून तो मुळात पिवळा नीलम असावा असं पुढे काही अभ्यासकांनी म्हटलं. मात्र आज ओळख पटवणं सोपं आहे. वक्रीभवनांक मोजायला काही मिनिटं पुरतात आणि खड्याला ओरखडाही जात नाही. नीलमाचा अंक १.७६ च्या पुढे, टोपाझचा १.६१ ते १.६४, सुनेल्याचा १.५५ च्या आसपास. यात शंकेला जागाच उरत नाही.

सुनेला हलका म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. महिन्यावार खड्यांची आजची यादी १९१२ मध्ये अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने ठरवली. १९५२ मध्ये तिच्यात भर पडली, तेव्हा ऑक्टोबरसाठी ओपलच्या जोडीला टुर्मलीन आला आणि नोव्हेंबरसाठी टोपाझच्या जोडीला सिट्रीन. म्हणजे धाकटीसाठी सुनेला योग्यच होता. माझी तक्रार एवढीच, की सुनेल्याला सुनेला म्हणावं आणि पैसेही सुनेल्याचेच घ्यावेत.

या यादीचा आपल्या ग्रहरत्नांशी काही संबंध नाही. पेंडंट ठरलं तेव्हा सासूबाईंचा जीव खालीवर झाला होता, पत्रिका न बघता नीलम कसा घालायचा म्हणून. त्यांची भीती मी मनापासून समजू शकते, कारण शनीचा नीलम सगळ्यांना मानवत नाही असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ज्योतिषाला विचारूनच तो घालावा. जन्ममहिन्याच्या यादीतला अर्थ वेगळा : नीलम निष्ठेचा, ओपल आशेचा, टोपाझ स्नेहाचा. मुलीने आईला दिलेल्या वस्तूत हे अर्थ फार शोभतात. व्हिक्टोरिया राणी आपल्या मुलींना ओपलचे दागिने द्यायची, आणि तेही युरोपात ओपल अपशकुनी समजला जात असताना. दुकानदार “नोव्हेंबरचा जन्म ना, मग गुरूचा पुष्कराज घ्या” असं म्हणून दोन परंपरा एकत्र करू लागला, की मात्र सावध व्हावं. एकीचं नाव सांगून दुसरीचा खडा विकला जातो तो याच वेळी.

आता ओपल. या तिघांत सर्वांत नाजूक तोच, आणि माझा सर्वांत लाडकाही. ओपल म्हणजे पाणी धरून राहिलेली सिलिका. साधारण ६ ते १० टक्के पाणी त्याच्या अंगात असतं. त्याच्यातले रंग कुठल्या रंगद्रव्याचे नव्हेत. सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे आत ओळीने रचलेले असतात आणि त्यांच्यामुळे प्रकाश फुटून रंग दिसतात. हे १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अशा खड्यावर झाळणीची आच लागली की पाणी उडतं आणि भेगा पडतात, त्या पुन्हा भरून येत नाहीत. इथिओपियातला वेलो भागातला ओपल अलीकडे आपल्याकडे भरपूर येतो. तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. भिजला की त्याचे रंग काही काळ मावळतात, वाळला की बहुधा परत येतात. पण तेल, अत्तर, हळदीचं पाणी आत मुरलं तर तो कायमचा मळकट होऊ शकतो. हळदीकुंकवाला तो घालून जा, पण हळदीच्या बोटांनी त्याला हात लावू नका, आणि स्वयंपाकाला लागण्याआधी काढून ठेवा. ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवून केलेले डब्लेट-ट्रिप्लेटही मिळतात. ते स्वस्त असतात, पण वारंवार भिजले की गोंद सुटून धुरकट होतात. ऑक्टोबरच्या लेकीला रोज बोटात अंगठी हवी असेल तर मी टुर्मलीनच सुचवेन. तो ओपलहून टणक असतो आणि हवा तो रंग त्यात मिळतो.

टोपाझ काठिण्यात आठावर आहे, तरी त्याच्यावर विसंबू नये. लाकूड रेषेत फाटतं तसा तो एका दिशेने सरळ दुभंगतो. ओट्याच्या कडेवर एक टोला बसला तरी पुरे. त्याला कडा झाकणारं कोंदण करावं. निळा टोपाझ घेत असाल तर तो बहुतेक वेळा रंगहीन खड्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून आणि तापवून केलेला असतो, हेही माहीत असावं.

जाऊबाईंचा नीलम टिकला, कारण तो नुसता तापवलेला होता. ही प्रक्रिया सर्रास होते, टिकाऊ असते, फक्त ती सांगितली गेली पाहिजे. न तापवलेल्याची किंमत वेगळी. आणि काश्मीरच्या पाडर भागात १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला दरड कोसळून जो निळा खजिना उघडा पडला, त्याचं नाव घेऊन कुणी कागदाशिवाय खडा विकत असेल तर तिथून उठावं. भेगांमध्ये शिशाची काच भरलेले नीलमही बाजारात आहेत. त्यांना आच सोसत नाही, लिंबाचा रससुद्धा सोसत नाही.

म्हणून धनत्रयोदशीच्या गर्दीत खरेदी करू नका, आधीच जा. पावतीवर प्रत्येक खड्याचं खनिज-नाव, कॅरेटमधलं वजन आणि केलेली प्रक्रिया लिहून मागा. रत्तीचा हिशोब दुकानागणिक बदलतो, कॅरेट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅमचाच. किंमत मोठी असेल तर खडा कोंदणात जाण्याआधी तपासून घ्या, कारण बसवल्यावर त्याचं वजन करता येत नाही. दुरुस्तीला देताना खडे उतरवून झाळणी करा किंवा लेझरने जोडा, असं दुकानाच्या नोंदीत लिहायला लावा. ओपल, टोपाझ किंवा काच भरलेला खडा अल्ट्रासोनिकमध्ये घालू नका, हेही त्याच कागदावर लिहून घ्या आणि त्यावर दुकानाची सही घ्या.