सहीची घाई कुणाला आहे?

अगं, काल फोनवर तू किती सहज म्हणालीस, "ताई, रविवारी गावाला जातेय, सोमवारी रजिस्टर ऑफिसात एक सही आहे." एक सही आहे! जणू कुरिअरच घ्यायचंय. तुझ्यामागे मुलांचा दंगा चालला होता, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता निवांत वाच.

हा हिस्सा सोडून देण्याचा विषय तुमच्याकडे आत्ताच का निघाला, ते आधी समजून घे. २०२५ साली महसूल खात्यानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयत माणसांची नावं सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं तशीच पडून असतात, ती कमी करून वारसांची लावायची. काम चांगलंच आहे. काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाव त्यांचंच आहे. आता वारस नोंद घालायची म्हणजे मावशी, दादा आणि तू, तिघांची नावं लागणार. आणि नेमकी हीच वेळ साधून घरोघरी बहिणींना बोलावणी जातात, की आलीच आहेस तर हक्कसोडही उरकून टाक. दादा काही जगावेगळं करत नाहीये. गावात सगळे हेच करतात, आणि मला खटकतं ते तेच.

तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. काकांच्या आजारपणात रात्रीअपरात्री सोलापूरला गाडी त्यानंच पळवली, सोसायटीचं कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे. त्याची अडचणही खरी आहे. सातबाऱ्यावर नावं वाढली की पीककर्जाला सगळ्यांची संमती मागतात, आणि तू काही दरवेळी पुण्याहून रजा काढून येणार नाहीस. पण त्याला तोड आहे. कर्जापुरतं, पीकविम्यापुरतं मुखत्यारपत्र करून दे. विक्रीचा अधिकार मात्र त्यात नको. एवढ्यानं त्याचं काम भागत असेल तर हक्क सोडायची गरजच काय?

आणि हा हिस्सा म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. आपल्या महाराष्ट्रानं १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, केंद्राच्या आधी अकरा वर्षं. त्यात मेख एवढीच होती, की २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे माझी आई, तुझी आई, सगळी ती पिढी बाहेर. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. राहत्या घरात मुलीला वाटणी मागता येत नसे, तेही गेलं. तरी ही दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते, यावर कोर्टात भांडणं चालूच राहिली. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की मुलीचा हक्क जन्मानं येतो, त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. तेव्हा "तुझ्या लग्नात एवढं सोनं घातलं, झाला की तुझा हिस्सा" असं कुणी म्हणालं तर ऐकून घे आणि सोडून दे. कायद्यात हा हिशोब नाही. दादाच्या लग्नातला मांडव काय फुकट पडला होता?

हक्कसोडपत्र नोंदवायला खर्च फारसा नाही. ५०० रुपयांचा मुद्रांक, दोन साक्षीदार, अंगठे, फोटो, तासाभरात बाहेर. पण एकदा नोंदलं की ते मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, तेही स्वतःच्या भावाविरुद्ध. तलाठ्यापुढचा जबाब किंवा नोटरीचा कागद यांनी खरं तर हक्क सुटत नाही. तरी तिथंही सही करू नकोस. त्यावर फेरफार होऊन जातो आणि निस्तरायला आयुष्य जातं.

आता ज्यासाठी मुळात हे सगळं लिहायला बसले, ते. मावशीलाही सोमवारी नेणार आहेत का? तू त्याबद्दल बोललीच नाहीस, म्हणून विचारते. तुझी नोकरी आहे, फ्लॅटवर नाव आहे. तू उद्या हक्क सोडलास तरी उपाशी मरणार नाहीस. मावशीच्या नावावर काय आहे? जन्मभर त्या रानात राबली, आणि तिच्या मालकीचं म्हणजे गळ्यातलं डोरलं आणि पाटल्या. सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हातारीला घरात विचारतात गं. नसलेल्या म्हातारीला "आई, तुम्ही आत बसा" म्हणतात. आज दादा आहे, चांगला आहे. उद्या नातवांचं राज्य येईल. तेव्हा तुझं काय करायचं ते तू ठरव, पण मावशीचं नाव निघता कामा नये.

सरकार २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये देतं. मी त्या पैशांना नावं ठेवणार नाही, कितीक बायकांना हातखर्चाला दुसऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण हप्ता का थांबला, ई-केवायसी का अडली, यावर पारावर तासतास चर्चा होते, आणि त्याच गावात बहिणीनं एकरभर जमीन सोडली तर कुणी हूं की चूं करत नाही. हप्ता सरकारच्या मर्जीवर आहे. फेरफार तसा नाही.

दुसरी बाजूही सांगते. तुझा नवरा "माग हिस्सा, सोडू नकोस" असं म्हणत असेल, तर त्याचंही लगेच ऐकू नकोस. सोडायला लावणारेही पुरुषच आणि मागायला लावणारेही तेच, मधे आपण नुसतं पेन धरायचं, असं नको. शेवटी सोडावासा वाटला तर खुशाल सोड, पण तो निर्णय तुझा हवा.

माहेर तुटेल ही भीती मलाही ठाऊक आहे. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. जमीन भाऊ कसतो, मी वाटा मागत नाही, ज्वारीचं पोतं तेवढं येतं. पहिल्या भाऊबीजेला वहिनी जरा तोलूनमापून बोलत होती. मग मुलांच्या परीक्षा आल्या, तिचं गुडघ्याचं दुखणं निघालं, विषय मागे पडला. आता तीच फोन करून डॉक्टरचा नंबर मागते.

तर असं कर. गट नंबर विचारून घे आणि ऑनलाइन सातबारा काढ, १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. दादाला सांग, वारस नोंद तिघांची करून घे, बाकीचं दिवाळीनंतर बसून बोलू. त्यानं मसुदा आधीच केला असेल तर त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव, माझ्या ओळखीच्या वकीलबाई वाचून देतील. आणि रविवारी पोचलीस की मावशीला एकटीला गाठून विचार, तिला काय हवंय. दादासमोर विचारू नकोस, ती "मला काय करायचंय आता" म्हणून मोकळी होईल.