मोहाखालची आग

फाल्गुन-चैत्रात रानातली पाने गळतात. पाचोळा वाळून कुरकुरीत होतो. एक ठिणगी पडली की पुरे! वारा ती आग डोंगरभर नेतो. यालाच आपण वणवा म्हणतो.

वणवा आपोआप लागतो का? क्वचितच. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कोणी विडीचे थोटूक टाकतो. कोणी बांध जाळतो आणि आग रानात शिरते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काही जण मोहाखालचा पाचोळा पेटवतात. साफ जमिनीवर पडलेली फुले चटकन वेचता येतात, हे खरे.

पण पुढचे पाहा. जुना मोह आगीतून वाचतो. त्याच्याखाली उगवलेली रोपे मात्र दरसाल जळतात. आजोबांच्या वेळचे झाड एक दिवस वाळणारच. मग आपल्या नातवंडांनी फुले कुठे वेचायची?

टिटवी आणि रानकोंबडी जमिनीवर अंडी घालतात. तीही जळतात. गवत जळाले की हरणांचा चारा जातो. उघड्या जमिनीवरची माती पहिल्या पावसात वाहून जाते.

मग काय करावे? पाचोळा जाळू नये, खराट्याने बाजूला ओढावा. झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी पसरावी. फुलांना माती लागत नाही.

वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते. त्याआधी जाळरेषा काढतात. म्हणजे जंगलातला एक लांब पट्टा गवत-पाचोळा काढून मोकळा करतात. आग तिथवर येते, तिला खायला काही मिळत नाही, ती थांबते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आग टिपते आणि वनखात्याला निरोप धाडते. तरी धूर आधी दिसतो तो गावालाच. तेव्हा वनरक्षकाला लगेच कळवावे. आग लहान असेल तर चार जणांनी मिळून ओल्या फांद्यांनी झोडपावी. आग चढावर फार वेगाने धावते. म्हणून तिच्या वरच्या बाजूला कधी उभे राहू नये.

शिकारीसाठीही कोणी रान पेटवतात. पूर्वी परवाना काढून ठरलेल्या महिन्यांत शिकार करता येई. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हौसेच्या शिकारीचे परवाने बंद झाले. राखीव जंगलात आग लावणे हा तर १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे.

पण मंडळी, प्रत्येक झाडाखाली शिपाई कसा उभा राहणार? राखण आपणच करायची. मोह फुलण्याआधी गावाची बैठक घेऊ या. यंदा एकाही झाडाखाली काडी ओढायची नाही, असे ठरवू या.

विचार करा व सांगा :
१. तुमच्या शिवारात मोहाची लहान रोपे किती दिसतात?
२. जाळरेषेमुळे आग का थांबते?