पाणपोई आणि वेढा

मुलांनो, गेल्या महिन्यात आपला वर्ग सहलीला गेला होता, ते आठवते ना? आपल्या सेंट लुईसच्या बेव्हो भागात आपण एक छोटे घुमटाचे कारंजे पाहिले. त्याचे नाव सेबिल. बोस्नियाहून येथे येऊन राहिलेल्या लोकांनी 2013 साली ते शहराला भेट दिले. मूळ सेबिल बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत आहे. सेबिल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पाणी मिळण्याची जागा. थोडक्यात, आपली पाणपोई!

तिथे आम्ही पालकांनी सारायेव्होच्या वेढ्याची गोष्ट सांगितली. तेव्हा तुमच्यापैकी एकाने विचारले, “काका, युद्धाला पण नियम असतात ना? मग त्या लोकांना पाणी का नाही मिळालं?” आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे पाहत राहिलो. गाडीत बसेपर्यंत कोणालाच उत्तर सुचले नाही. म्हणून हा धडा लिहायला घेतला.

नियम काय सांगतात?

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांपेक्षा साधी माणसे जास्त मेली. म्हणून 1949 साली जिनिव्हा येथे चौथा करार झाला. जे लढत नाहीत, त्यांना मारू नये. आजारी माणसांसाठी औषधे आणि लहान मुलांसाठी अन्न जाऊ द्यावे, असे त्यात आहे. 1977 साली त्याला आणखी नियम जोडले गेले. लोकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे हत्यार करू नये आणि पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर हल्ला करू नये, असे ते सांगतात.

पण करारात एक मेख आहे. मदतीच्या गाड्या तपासण्याचा हक्क रस्ता अडवणाऱ्याला दिलेला आहे. आत शस्त्रे नाहीत ना, हे पाहण्यासाठी तो हवाच. पण ज्याला गाडी जाऊच द्यायची नाही, तो तपासणीच्या नावाखाली ती दिवसेंदिवस अडवून ठेवू शकतो.

सारायेव्होत काय झाले?

एप्रिल 1992 मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने सभोवतालच्या डोंगरांवरून शहराला वेढा घातला. तो फेब्रुवारी 1996 पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे टिकला. शहरात मुसलमान, सर्ब, क्रोएट, ज्यू असे सगळेच राहत होते. तहान सगळ्यांना सारखीच लागते.

वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडे. लोक कॅन घेऊन बिअरच्या एका कारखान्यातल्या झऱ्यावर रांगा लावत. 27 मे 1992 रोजी पावाच्या रांगेवर तोफगोळे पडले. जुलै 1993 मध्ये दोब्रिन्या भागात पाण्याच्या रांगेवर पडले. रांगेत उभे राहणे हेच धोक्याचे काम झाले.

मदत कशी पोचली?

जून 1992 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेने विमानतळ ताब्यात घेतला. या सेनेचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. त्यांची लष्करी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुरू झाली होती, हे आपल्याला ठाऊक असावे. जुलै 1992 पासून जानेवारी 1996 पर्यंत 12,000 हून अधिक उड्डाणांनी सुमारे 1,60,000 टन सामान शहरात उतरवले.

आता थोडे गणित करू. (आम्ही इंजिनिअर, सवय जात नाही!) साडेतीन वर्षे म्हणजे सुमारे 1,280 दिवस. लोकसंख्या साडेतीन लाख धरली, तर माणशी रोज साधारण 350 ग्रॅम येतात. पण सरासरीला पोट नसते! 3 सप्टेंबर 1992 रोजी मदत आणणारे इटलीचे विमान पाडले गेले आणि त्यातील चौघे मेले. त्यानंतर सुमारे महिनाभर उड्डाणे बंद होती. त्या महिन्यात सरासरी कोणाच्या ताटात पडली?

आणखी एक गोष्ट. विमानतळावरून विमाने जात होती, पण नागरिकांना धावपट्टी ओलांडायला मनाई होती. रात्री ओलांडू पाहणारे कित्येक जण गोळ्यांना बळी पडले. शेवटी 1993 मध्ये लोकांनी धावपट्टीच्या खालूनच सुमारे 800 मीटरचा बोगदा खणला. उंच माणसाला त्यातून वाकूनच जावे लागे. त्यातून पीठ आले, औषधे आली, आणि खरे सांगायचे तर शस्त्रेही आली.

अन्न पोचले म्हणजे माणूस वाचला, असेही नाही. स्रेब्रेनित्सा हे गाव राष्ट्रसंघाने 1993 साली सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केले होते. जुलै 1995 मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. कागदावर लिहिलेल्या सुरक्षिततेमागे पुरेसे सैनिक नव्हते, आणि लढण्याची तयारीही नव्हती.

मग नियमांचा उपयोग काय?

आता त्या प्रश्नाचे उत्तर. नियम स्वतः गोळी अडवत नाही. नियम पाळायला लावणारी माणसे लागतात. ती वेळेवर आली नाहीत, म्हणून पाणी मिळाले नाही. पण नियम होता म्हणूनच मागाहून गुन्ह्याला गुन्हा म्हणता आले. शहरावर तोफा आणि नेमबाज सोडणाऱ्या सैन्याचा एक सेनापती, स्तानिस्लाव गालिच, याला हेग येथील न्यायालयाने 2006 साली जन्मठेप दिली. न्याय उशिरा आला. ज्यांच्यासाठी यायचा, त्यांतले कितीतरी उरले नव्हते.

6 एप्रिल 2012 रोजी सारायेव्होच्या मुख्य रस्त्यावर 11,541 लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या होत्या. मेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्यांतल्या 643 खुर्च्या छोट्या होत्या. तुमच्या मापाच्या.

शब्दार्थ
वेढा – चारी बाजूंनी अडवणे
मेख – लपलेली अडचण
पाणपोई – वाटसरूंना फुकट पाणी देण्याची जागा
जन्मठेप – मरेपर्यंत कैद

स्वाध्याय
1. येत्या शनिवारी सकाळी घरातल्या प्रत्येकासाठी एक बादली भरा आणि रात्रीपर्यंत नळ उघडू नका. पाणी कशाकशाला लागले, ते मराठीत लिहून आणा.
2. मदतीची गाडी अडवणाऱ्या सैनिकाशी तुम्ही काय बोलाल? पाच वाक्ये लिहा.
3. पालकांनी आपल्या गावची पाणपोई कोणी घातली होती, हे मुलांना सांगावे. आठवत नसेल, तर आजी-आजोबांना फोन करावा.