प्रोजेक्टर निवडताना : आधी खोली, मग यंत्र

भिंतीवर चित्र पाडून ते चार माणसांनी एकत्र बसून पाहावे, ही हौस आपल्याकडे सिनेमापेक्षाही जुनी आहे. मुलुंडच्या पुढे लोकलने थोडे गेले की लागणाऱ्या कल्याण गावी महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा, एवढीच त्यांची सामग्री. ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतील पहिला खेळ वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला. म्हणजे कल्याणचा खेळ त्याहून चार वर्षांनी जुना. पुढे १६ मि.मी.चा प्रोजेक्टर आला आणि गणेशोत्सवात चाळींच्या पटांगणांत पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसून लोकांनी चित्रपट पाहिले.

आज तोच दिवा हातात मावेल एवढा झाला आहे. मूळ रचना मात्र बदललेली नाही : एक दिवा, एक चित्र, एक भिंग, एक पडदा आणि पाचवी गोष्ट अंधार. खरेदीला निघालेला माणूस पहिल्या तिहींची चौकशी करतो आणि शेवटच्या दोन विसरतो. या लेखाचा हेतू एवढाच की, दुकानात जाण्यापूर्वी घरीच कागद-पेन्सिल घेऊन थोडे गणित करावे. एखाद्या कुटुंबाची काही महिन्यांची शिल्लक किंवा एखाद्या वाङ्मय मंडळाची वर्षभराची वर्गणी अशा यंत्रावर खर्च होते. निवड चुकली की ते यंत्र महिनाभरात माळ्यावर जाते.

यंत्राच्या पोटात काय असते

दुकानात दोन नावे वारंवार कानावर पडतात : एलसीडी आणि डीएलपी. एलसीडी प्रकारात द्रव-स्फटिकाच्या पातळ पट्टीतून प्रकाश आरपार जातो; म्हणजे पटवर्धनांच्या रंगविलेल्या काचेचीच ही विजेवर चालणारी वंशज म्हणावयाची. एप्सन कंपनीने या पद्धतीचा आपला पहिला प्रोजेक्टर १९८९ मध्ये बाजारात आणला. चांगल्या यंत्रांत लाल, हिरवा व निळा यांसाठी तीन वेगळ्या पट्ट्या असतात. अगदी स्वस्त यंत्रांत एकच असते. डीएलपी प्रकारात प्रकाश लाखो सूक्ष्म आरशांवर पडून परत फिरतो. ही आरशांची चकती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये साध्य केली.

निवडीपुरता फरक थोडक्यात असा. तीन पट्ट्यांच्या एलसीडीत रंग भरघोस दिसतात. पण आत हवा खेळत असल्यामुळे धूळ शिरते व जाळी वेळोवेळी साफ करावी लागते. डीएलपीत चित्राचा भाग बहुधा बंदिस्त असतो आणि काळा रंग अधिक गडद उतरतो. मात्र एका चकतीच्या यंत्रात रंगांचे चाक फिरत असल्याने काहींना नजर फिरवताना क्षणभर इंद्रधनुष्यी कडा दिसतात. आपल्याला त्या दिसतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे.

ल्युमेनचे गणित

आता मुख्य मुद्दा. यंत्रातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते ल्युमेन या एककात मोजतात. हा प्रकाश पडद्याच्या क्षेत्रफळावर वाटला जातो. म्हणून नुसता ल्युमेनचा आकडा निरर्थक आहे. दर चौरस फुटाच्या वाट्याला किती ल्युमेन येतात, हे पाहिले पाहिजे. डिजिटल चित्रपटगृहासाठी ठरलेले प्रमाण साध्या पांढऱ्या पडद्याच्या हिशेबाने दर चौरस फुटाला सुमारे १४ ल्युमेन इतकेच आहे. चित्रपटगृहात तेवढे पुरते, कारण तेथे अंधार असतो.

समजा, घाटकोपर किंवा मुलुंड येथील एका कुटुंबाची बाहेरची खोली १० फूट रुंद व १४ फूट लांब आहे. दहा फुटी भिंतीवर ६ फूट रुंदीचे चित्र हवे आहे. आजच्या चित्रपटांच्या १६:९ या प्रमाणात त्याची उंची सुमारे ३ फूट ४ इंच, म्हणजे क्षेत्रफळ २० चौरस फूट. १४ ने गुणल्यास २८० ल्युमेन झाले. दिवा वापराने मंदावतो आणि चित्रपटासाठी रंग नीट जुळवले की प्रकाश आणखी घटतो. म्हणून दुप्पट धरावे. सुमारे ६०० खरे ल्युमेन या कुटुंबाला पुरेत. तीन-चार हजारांची हाव धरण्याचे कारण नाही.

'खरे' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. चार-पाच हजार रुपयांच्या यंत्राच्या खोक्यावर सर्रास ९००० ल्युमेन वगैरे छापलेले आढळते. हा आकडा पडद्यावरचा नसतो. खरी मोजणी करताना पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग पाडून प्रत्येकाच्या मध्यावरचा प्रकाश मोजतात व सरासरी काढतात. या पद्धतीने मोजलेल्या आकड्यापुढे 'एएनएसआय' अथवा 'आयएसओ २१११८' असा उल्लेख असतो. तो नसेल, तर आकडा जाहिरातीचा समजावा. असल्या यंत्रांचा खरा प्रकाश पुष्कळदा दोनशेच्या आसपास भरतो.

म्हणून ते यंत्र टाकाऊ ठरते काय? तसेही नाही. २०० ला १४ ने भागल्यास १४ चौरस फूट येतात, म्हणजे ५ फूट रुंदीचे चित्र. मिट्ट अंधारात एवढे चित्र ते यंत्र सुरुवातीला तरी बरे दाखवील. फसवणूक होते ती त्याच यंत्राकडून दिवसाढवळ्या भिंतभर चित्राची अपेक्षा केली की.

अंधाराची किंमत

कोणताही प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रात जेथे काळे असते, तेथे तो फक्त प्रकाश अडवतो. त्यामुळे पडद्यावरचे काळे म्हणजे त्या खोलीत मुळात असलेला उजेड होय. खोली जितकी उजळ, तितके काळे फिके.

वर्गाचे उदाहरण घेऊ. पडद्यावर प्रोजेक्टरचे १४ ल्युमेन दर चौरस फुटाला पडत आहेत आणि ट्यूबलाइटचे ९ पडत आहेत असे समजू. पांढरा भाग १४ अधिक ९ म्हणजे २३. काळा भाग ९. पांढरे हे काळ्याच्या जेमतेम अडीचपट. असे चित्र धुतल्यासारखे दिसणारच. आता यावर उपाय दोन. एक, अधिक प्रखर यंत्र घ्यावे. ५० ल्युमेन पाडले, तर पांढरे ५९ व काळे ९, म्हणजे सुमारे साडेसहापट. दुसरा, फळ्याजवळची ट्यूबलाइट बंद करावी. पडद्यावरचा उजेड ९ वरून ३ वर आला, तर जुन्याच यंत्राने पांढरे १७ व काळे ३. म्हणजे साडेपाचपटीहून थोडे अधिक. एक बटण दाबल्याने जवळजवळ तेवढेच साधले, जेवढ्यासाठी साडेतीनपट प्रखर यंत्र घ्यावे लागले असते!

उपनगरातल्या घरांना ही गोष्ट विशेष लागू आहे. बोरिवली असो वा अंधेरी, खिडकीसमोर रस्त्याचा दिवा किंवा पलीकडच्या इमारतीची गॅलरी असतेच. जाड, गडद पडदे शिवून घेण्याचा खर्च यंत्रापुढे किरकोळ आहे आणि त्याने चित्रात पडणारा फरक मोठा आहे. प्रोजेक्टरच्या अंदाजपत्रकातली पहिली रक्कम पडद्यांच्या कापडासाठी राखून ठेवावी.

महाविद्यालयाची गोष्ट वेगळी. विद्यार्थ्यांना टिपणे काढावयाची असतात, तेव्हा पूर्ण अंधार चालत नाही. ८ फूट बाय ५ फूट चित्राचे ४० चौरस फूट होतात. ५० ने गुणता २००० ल्युमेन. दिव्याची झीज धरून तेथे तीन-साडेतीन हजार एएनएसआय ल्युमेनचेच यंत्र घ्यावे. येथे स्वस्ताचा मोह उपयोगी नाही.

अनुस्वार दिसतो काय?

दुसरा आकडा चित्रातील बिंदूंचा, म्हणजे रेझोल्यूशनचा. येथेही खोक्यावर फसगत असते. '१०८० सपोर्टेड' याचा अर्थ तेवढ्या बिंदूंचे चित्र यंत्र स्वीकारते. दाखवते ते आपल्या कुवतीनुसारच. आपण विचारावे ते 'नेटिव्ह' रेझोल्यूशन. स्वस्त यंत्रात ते ८०० बाय ४८० इतकेच असू शकते.

सहा फूट म्हणजे सुमारे १८३० मि.मी. रुंदीत ८०० बिंदू बसविले, तर एकेक बिंदू २.३ मि.मी.चा होतो, १२८० बसविले तर १.४ मि.मी.चा आणि १९२० बसविले तर १ मि.मी.हून थोडा लहान. निरोगी डोळ्याला नऊ फुटांवरून साधारण ०.८ मि.मी.चे अंतर जेमतेम ओळखू येते. म्हणजे १९२० बाय १०८० या यंत्राचे बिंदू तेथून जवळपास अदृश्य होतात. ८०० चे मात्र जाळीसारखे दिसत राहतात.

मराठीच्या विद्यार्थ्याला या हिशेबाचे महत्त्व अधिक. आपल्या लिपीत अर्थ पुष्कळदा एका टिंबावर, एका रफारावर टांगलेला असतो. बारीक अक्षरातला अनुस्वार पुसला गेला की 'चिंता'ची 'चिता' होते. कविता किंवा हस्तलिखिताचे पान पडद्यावर दाखवावयाचे असेल, तर निदान १२८० बाय ८०० बिंदूंचे यंत्र असावे आणि अक्षर मोठे ठेवावे.

उलट, घरची जुनी चित्रफीत पाहण्यासाठी फार उच्च रेझोल्यूशनची गरज नाही. १९९० च्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटवर मुळात आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीप्रमाणे ५७६ दृश्य रेषांच्याच चौकटीत चित्र घेतलेले असते, आणि त्यातलेही बारकावे कॅसेटमध्ये बरेच हरवलेले असतात. ती संगणकावर उतरवून घेतली तरी नवे तपशील कोठून येणार? शिवाय तिचे प्रमाण ४:३ असते. ती ताणून रुंद केली की नवरा-नवरी दोघेही बुटके दिसतात. तेव्हा दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी राहू द्यावी.

अंतर मोजून घ्यावे

प्रत्येक यंत्राचे एक 'थ्रो' गुणोत्तर असते : पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. १.५ गुणोत्तराच्या यंत्राला सहा फुटी चित्रासाठी ९ फूट मागे जावे लागते, १.२ च्या यंत्राला सव्वासात फूट. आपल्या चौदा फुटी खोलीत ९ फुटांवर सोफा येतो की कपाट, हे टेप घेऊन आधी पाहावे. यंत्र तिरके ठेवून चित्र सरळ करण्याची 'कीस्टोन' सोय असते. पण तीत काही बिंदू वाया जातात व अक्षरे फिकट होतात. यंत्र पडद्यासमोर नीट ठेवता येईल अशी जागा शोधणे हाच खरा उपाय.

दुकानात आणि दुकानानंतर

अंधेरी-बोरिवलीकरांनी ग्रँट रोडला उतरून किंवा घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडला जावे, तेव्हा बरोबर तीन गोष्टी न्याव्यात : बारीक मराठी मजकुराचे एक पान, रात्रीच्या प्रसंगाची एक चित्रफीत आणि ओळखीच्या चेहऱ्याचे एक छायाचित्र. मजकुराने रेझोल्यूशन व कोपऱ्यांतला रेखीवपणा कळतो, रात्रीच्या प्रसंगाने काळा रंग आणि चेहऱ्याने रंगांचा खरेपणा. पंख्याचा आवाज शांतपणे ऐकावा; यंत्र आपल्या कानाजवळच असणार आहे. आतला स्पीकर बहुधा क्षीण असतो; घरचा साधा बाहेरचा स्पीकर त्याहून बरा.

दिव्याचे आयुष्य विचारावे. पाऱ्याच्या वाफेचा दिवा साधारण चार ते सहा हजार तास चालतो व बदलण्यास काही हजार रुपये पडतात. एलईडीचे आयुष्य वीस हजार तास व त्याहून अधिक सांगतात. पण तो सहसा बदलता येत नाही. जुने यंत्र घेत असल्यास त्याच्या मेनूमध्ये दिव्याचे झालेले तास पाहून मगच भाव करावा. दुरुस्तीची सोय मुंबईत आहे की नाही, हेही विचारून ठेवावे. घरी आणल्यावर दिवा बंद केला तरी पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये. पावसाळ्यात यंत्र महिनोन् महिने पिशवीत कोंडून ठेवल्यास दमट हवेने भिंगावर बुरशी धरते. अधूनमधून ते चालविणे हेच औषध.

सारांश, प्रथम खोली मोजावी, मग उजेड आवरावा, मग चित्राची रुंदी ठरवून ल्युमेन व बिंदू काढावेत आणि सर्वांत शेवटी किंमत विचारावी. या क्रमाने गेल्यास पुष्कळांना असे आढळेल की, मनात धरले होते त्याहून कमी किमतीचे यंत्र आपल्याला पुरते. आणि काहींना असेही आढळेल की, हातातले पैसे अजून थोडे साठवून थांबणे शहाणपणाचे आहे. दोन्ही निष्कर्ष दुकानाच्या पायरीवर नव्हे, घरच्या टेबलावर निघावेत. पटवर्धन पितापुत्रांच्या काळी घरोघरी वीज नव्हती, ल्युमेनचे आकडे छापलेली खोकी नव्हती. पण मंद दिव्याचे चित्र उठून दिसावयाचे तर भोवती काळोख हवा, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. ती आजही फुकटात मिळते. फक्त उठून बटण दाबावे लागते.