मानसशास्त्राचा पदवीधर आणि वैद्यकाची वाट

बोरघाटाच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे मार्गावर खोपोलीनजीक शिळफाटा आहे. खोपोलीहून लोकलने कर्जत गाठता येते. कर्जतजवळच्या वेणगाव येथे श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र २००६ पासून कार्यरत आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोहोचविणे हे या संस्थेचे कार्य होय. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये संस्था सुरू केली. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला.

असे कार्य करण्याची आकांक्षा खालापूर-कर्जत भागातील तरुणांच्या मनात निर्माण होणे स्वाभाविक आहे. मात्र मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाल्यावर डॉक्टर होता येते काय, या प्रश्नाचे उत्तर वेळीच न मिळाल्यास उमेदीची काही वर्षे व पालकांची पुंजी वाया जाण्याचा संभव असतो.

दोन भिन्न व्यवसाय

मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर तो मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो. थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडला तरी माणूस खिन्न व मंद दिसू शकतो. अशा वेळी व्याधी शरीराची की मनाची, हे ठरविण्यास वैद्यकाचे ज्ञान लागते. औषधयोजनेचा अधिकार त्यामुळेच डॉक्टरकडे असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या व मानसोपचार करतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये या दोघांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान आहे.

डॉक्टर व्हावयाचे असल्यास

मानसशास्त्राच्या पदवीमुळे एम.बी.बी.एस.च्या प्रवेशात कोणतीही सवलत मिळत नाही. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि त्यानंतर ‘नीट’ परीक्षा आवश्यक आहे. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. तिची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये रद्द झाली. कला शाखेतून बारावी झालेल्यांना हे विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. रायगड जिल्ह्यात अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

वाट खुली असली तरी लांब आहे. एकविसाव्या वर्षी पदवीधर झालेल्याने तयारीस एक वर्ष दिले, तर एम.बी.बी.एस.ची आंतरवासितेसह साडेपाच वर्षे आणि एम.डी.ची तीन वर्षे धरता तिशी उलटते. फ्रान्समधील पिअर जाने यांनी हा प्रवास पूर्वी केला होता. तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत असता १८८९ मध्ये त्यांनी मनोव्यापारांवर प्रबंध लिहिला आणि १८९३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली. मनाचा पूर्वाभ्यास त्यांना रुग्णसेवेत उपयोगी पडला.

जवळची वाट

पदवीनंतर दोन वर्षांचे एम.ए. आणि त्यापुढे दोन वर्षांचे चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण, असा या व्यवसायाचा आजवरचा क्रम आहे. या अभ्यासक्रमांची रचना आता बदलत आहे. म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्या वर्षी आहे किंवा नाही, याची खात्री प्रवेशापूर्वी करून घेणे अगत्याचे आहे. मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केले आहेत. घरबसल्या पदवी घेऊ इच्छिणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी.

निर्णय दहावीनंतर

ज्याला औषधोपचार करावयाचा आहे, त्याने दहावीनंतरच विज्ञान शाखा घेऊन जीवशास्त्र निवडावे. ज्याचा ओढा संवादाने व मानसोपचाराने मनाची गाठ सोडविण्याकडे आहे, त्याने मानसशास्त्राची वाट निःशंकपणे धरावी. ही वाट दुय्यम नव्हे. भटक्या मनोरुग्णाला शुद्धीवर आणण्यास औषध लागते. त्याला पुन्हा घराशी जोडण्यास त्याचे मन जाणणारा माणूसही तितकाच लागतो.