लघवीचा त्रास अंगावर काढू नका

‘रात्री सारखे उठावे लागते, म्हणून डॉक्टर, मी पाणीच कमी पिते’ असे सांगणाऱ्या आजी माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. लघवीला जळजळ होते, हे मात्र त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत. संकोच आणि ‘वयामुळे होते’ ही समजूत, दोन्ही घातक आहेत.

उतारवयात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अधिक आढळतो. बहुधा आतड्यातील ई. कोलाय हे जंतू त्यास कारणीभूत असतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. शिवाय पाळी गेल्यावर तेथील अस्तर नाजूक होते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवी साचून राहते व त्यात जंतू वाढतात. मधुमेह, मुतखडा आणि कॅथेटर यांमुळेही धोका वाढतो.

लक्षणे कोणती? लघवीला जळजळ, वारंवार घाई, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त जाणे, कपड्यात लघवी होऊ लागणे. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे व उलट्या असल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची शक्यता असते. वृद्ध व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली किंवा गुंगीत राहू लागली, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडू नये. कारण जंतुसंसर्ग, रक्तातील साखर वा सोडियम कमी होणे किंवा औषधांचा परिणाम, काहीही असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करावी. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावी. घरात उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत आणि दिलेला कोर्स अर्धवट सोडू नये.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. त्रास काहीच नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले, तर वृद्धांना बहुतेक वेळा औषधाची गरज नसते. विनाकारण दिलेल्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही.

पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, झोपण्यापूर्वी दोन तास कमी करावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लघवी तुंबवून ठेवू नये, मलावरोध होऊ देऊ नये. शौचानंतर स्त्रियांनी पुढून मागे स्वच्छता करावी.

घरातील ज्येष्ठ आपणहून सांगणार नाहीत. मुलांनी, सुनांनीच अधूनमधून आपुलकीने विचारावे.