जुन्या कॉम्प्युटरवर घरचे रेकॉर्डिंग : पैसा कुठे घालावा, कुठे थांबावे

चंद्रपूर-गडचिरोली भागात धान कापून घरात आले की गावोगावी मंडई भरू लागते आणि रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजेच देसाईगंज. नाटक मंडळ्यांची कार्यालये तेथेच आहेत. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरगावच्या लोकांनाही या नाटकांची खबर लागली. नाटकाचा पुकारा ऑटोवर भोंगा बांधून होतो. तो मजकूर कोणी तरी आपल्या घरच्या खोलीत बसून रेकॉर्ड केलेला असतो. कापडाच्या सेलचे एलान, नव्या दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात, नात आणि कव्वाली गाणाऱ्या पोरांचे रेकॉर्डिंग, हे सगळे त्याच खोलीत होते.

अशा माणसाचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचा असतो. ऐन हंगामात तो अडकू लागतो. आवाज तुटतो, मध्येच कडकड येते. गिऱ्हाईक दारात उभे असते. मग दुकानदार सांगतो, यात आता दम नाही, नवीन घ्या, हप्ते बांधून देतो. चार महिन्यांच्या हंगामावर बारा महिन्यांचा हप्ता लावून घेणे हा कोणत्याही धंद्यात वाईट सौदा आहे. म्हणून आधी दुखणे कुठे आहे ते बघावे, मग खिशात हात घालावा.

पहिल्यांदा साधा हिशेब करू. चांगल्या दर्जाचे रेकॉर्डिंग म्हणजे एका सेकंदात आवाजाचे ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा. एका माइकसाठी मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी होतात. तासाभराचे झाले ५१८ एमबी. आठ माइक एकाच वेळी लावले तरी सेकंदाला सव्वा एमबीच्या आतच काम भागते. जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहू शकते. म्हणजे नुसता आवाज उतरवून घेण्याचे ओझे या मशिनला काहीच नाही. दमछाक होते ती दुसऱ्या कारणांनी.

ही कारणे शोधण्याची जागा मशिनमध्येच आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकून बसली असेल आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर बदलण्यात पैसा वाया जाईल. बहुतेक जुन्या मशिनवर हेच चित्र असते. मेमरी चार जीबीची असते, ती भरते, मग मशिन उरलेला माल हार्डडिस्कवर ठेवू लागते. एकीकडे डिस्कची सुई रेकॉर्डिंग लिहिते आहे, दुसरीकडे हा माल आणण्या-नेण्यासाठी पळते आहे. त्या पळापळीत आवाज तुटतो.

इलाज दोन, आणि दोन्ही परवडणारे. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. त्यात फिरणारा भाग नसतो. जुन्या मशिनच्या साटा जोडणीवरही ती सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वेग देते, आणि विखुरलेला माल शोधण्यात तर हार्डडिस्कची तिच्याशी बरोबरीच नाही. २५० जीबीच्या आसपासची पुरेशी आहे. जुनी हार्डडिस्क मात्र भंगारात देऊ नका. तिला यूएसबीची पेटी लावा आणि झालेल्या कामाची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. गेल्या साली ज्याने सेलचा पुकारा करून घेतला, तो यंदा फक्त तारीख बदलून मागतो. त्या वेळी जुनी फाइल हाताशी असली की दहा मिनिटांत पैसे सुटतात.

मेमरी आठ जीबी करा. येथे खरेदीत चूक होते, म्हणून सावध राहा. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही, लॅपटॉपची पट्टी मोठ्या मशिनला चालत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात बरोबर न्या, जशी आपण मॅचिंगसाठी कापडाचा तुकडा नेतो. चार-चारच्या दोन सारख्या पट्ट्या दोन खाचांत लावल्या तर एका आठच्या पट्टीपेक्षा काम जरा चपळ होते. आणखी एक गोष्ट. मशिनमध्ये ३२ बिटचे विंडोज असेल तर चार जीबीच्या वर मेमरी घालून उपयोग नाही. ते विंडोज वरची मेमरी वापरतच नाही. आधी ६४ बिटचे घालावे लागेल. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले, तेव्हा नागपूरला सीताबर्डीत विचारून मगच गावात सौदा करावा.

आता विंडोजचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदार नेमके याच्यावर बोट ठेवून मशिन निकाली काढतो. पण आधार बंद झाला म्हणजे मशिन बंद पडले असे नाही. नवे धोके आले तर त्यावरची दुरुस्ती मिळणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. जे मशिन फक्त रेकॉर्डिंगला ठेवायचे त्याचे इंटरनेट काढून टाका. बँक, जीएसटी, व्हॉट्सॲप हे सारे त्याच्यावर नकोच. पेनड्राइव्हने माल न्या-आणा, तोही तपासून. इंटरनेटशिवाय चालत नसेल तर लिनक्स मिंट घाला. ते मोफत आहे, जुन्या मशिनवर चालते, आणि ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा मोफत प्रोग्राम त्यावरही मिळतो. चोरीचे विंडोज पाचशे रुपयांत टाकून देणारे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडून घेतलेल्या प्रतीत काय काय भरलेले असते ते त्यांनाही ठाऊक नसते. शिवाय ज्या मशिनवर आपण हलालची कमाई करतो त्याचा पायाच चोरीचा असावा, हे मला पटत नाही.

आवाज उशिरा ऐकू येण्याची तक्रार पुष्कळ जण करतात. गाणारा हेडफोन लावून गातो आणि स्वतःचा आवाज त्याला मागून येतो. हा बफरचा खेळ आहे. मशिन नमुने एकेक न घेता गठ्ठ्याने घेते. १०२४ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे पाचच्या जवळपास. जाणे-येणे धरले की उशीर आणखी वाढतो. गठ्ठा लहान केला की उशीर कमी होतो, पण प्रोसेसरला धाप लागते आणि कडकड सुरू होते. यासाठीच लोक नवा प्रोसेसर घ्यायला निघतात. त्याऐवजी यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस घेताना त्याला डायरेक्ट मॉनिटरचे बटण आहे की नाही ते बघा. ते असले की गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता परस्पर हेडफोनमध्ये येतो. मग गठ्ठा खुशाल १०२४ चा ठेवा. नुसता पुकारा बोलणाऱ्याला तर हा प्रश्नच नाही. इंटरफेस मागच्या बाजूच्या यूएसबीत लावा, पुढच्या खाचांची तार बऱ्याचदा सैल असते. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टची सोय हवी.

प्रोसेसर कधी बदलावा? आठ-दहा ट्रॅक एकत्र करून त्यांवर घुमारा आणि इतर संस्कार चढवताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच नव्वदीच्या वर जात असेल तर. चौथ्या पिढीच्या आय-थ्री मशिनमध्ये त्याच पिढीचा जुना आय-फाइव्ह बसू शकतो, मात्र आपल्या बोर्डाच्या यादीत तो नंबर आहे याची खात्री करून घ्यावी.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाची धूळ घरात येते. ती पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत बसते. मशिन तापले की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. कित्येक वेळा ‘मशिन म्हातारे झाले’ म्हणतात त्याचे कारण एवढेच असते. पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलायला फार खर्च येत नाही. घड्याळ सारखे मागे पडत असेल तर बोर्डावरचा दोन-दहा रुपयांच्या नाण्यासारखा सेल बदला, सीआर २०३२ नावाने मिळतो. घूं असा सतत आवाज येत असेल तर घराचे अर्थिंग तपासून घ्या. ते मशिनचे काम नाही, वायरमनचे आहे.

उरलेला पैसा खोलीवर घाला. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि कोणत्याही प्रोसेसरने तो नीट निघत नाही. कापडवाल्याच्या गोदामात बोलून बघा, थानांच्या रांगांमध्ये आवाज कसा कोरडा आणि जवळचा येतो. घरी जाड रजई किंवा कांबळे भिंतीला चिकटवून लावू नका. भिंतीपासून आठ-नऊ सेंटिमीटर सोडून, चुण्या घालून टांगा. एक हजार हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा तेवढाच भरतो, म्हणून त्या अंतरावर कापड तेथून वरचे स्वर चांगले पिते. पातळ पडदा लावून उपयोग नाही, वजनाचे कापड लागते. फिक्स्ड रेटच्या मालाची गरज नाही, कटपीसचे गठ्ठे आणि जुन्या गोधड्या चालतात. बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत आधी झाकावी, कारण माइकचे तोंड तिकडेच असते.